म्हशीनं पो टाकला, मग?

मागच्या महिन्यात एका रविवारी शाहूपुरीत लहान मुलांना गोष्ट सांगायला गेले होते. एका छोट्या वाचन-उपक्रमात आम्ही तिघी मैत्रिणी आळीपाळीनं जातो. मुलं वीसेक, वयं पाच ते आठ. पुस्तकातल्या गोष्टी मुलांच्या पाठ झाल्या होत्या, म्हणून मी मनानंच एक रचली. चंपी नावाची म्हैस. तिच्या गोठ्यात एक पुढारी येतो, पांढरे कपडे, कडक इस्त्री. त्याला म्हशीबरोबर फोटो पाहिजे. फोटोवाला म्हणतो, साहेब जरा मागं सरका. साहेब सरकतात. अजून थोडं. साहेब अजून सरकतात. आणि चंपी शेपटी वर करते.

पुढचं सांगायला नको. 'पचाक्' म्हटल्यावर मुलं अक्षरशः सतरंजीवर लोळली. एक पोरगी हसून हसून उचकी लागेपर्यंत गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला गोष्ट सांगता येते.

बाहेर चपला घालताना एका मुलाच्या आईनं गाठलं. अगदी गोड बोलल्या. "ताई, तुम्ही छान सांगता हो. पण हे शेण-बिण कशाला? घरी येऊन दिवसभर तेच करतात." उपक्रमवाल्यांनीही सांगितलं, पुढच्या वेळी जरा जपून. मला काही भांडायचं नव्हतं. मी मान डोलावली.

पुढच्या खेपेला मुलांनी चंपीच मागितली. मी सांगितली, पण शेणाच्या जागी म्हटलं, "चंपीनं शेपटी हलवली आणि सगळा चिखल साहेबांच्या अंगावर उडाला." कुणी हसलं नाही. मागं बसलेला एक पोरगा मात्र गंभीरपणे म्हणाला, "ताई, म्हशीच्या मागनं चिखल पडत न्हाई. शेण पडतंय."

आता सगळे हसले. पण हे हसणं पहिल्यासारखं नव्हतं. "ह्याच्या घरात म्हशी हाईत, ह्याला म्हाईत असणारच," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं नाक दाबलं. तो पोरगा सतरंजीचा धागा उसवत बसला, आणि तास संपेपर्यंत बोलला नाही.

पहिल्या रविवारी तेच शेण होतं आणि हसू पुढाऱ्यावर होतं. दुसऱ्या रविवारी मी शेण हा शब्द गाळला आणि हसू त्या पोरावर गेलं. मी तो शब्द टाळला म्हणजे तो घाण आहे, हे मुलांनी बरोबर ओळखलं. मग ज्याच्या घरात ती वस्तू रोज असते, तो घाण. सहा वर्षांच्या मुलांचं हे गणित. चुकीचं आहे, पण मांडून मीच दिलं होतं.

म्हणून हा लेख. लहान मुलांच्या गोष्टींत गाई-म्हशी, बैल-शेळ्या असतील, तर त्यांचं शेण, मूत, ढेकर, पाद हे सगळं त्या गोष्टींत असावं की नसावं? माझं म्हणणं, असावं. आता तुम्ही म्हणाल, मास कॉमचं शिक्षण घेऊन हीच बातमी मिळाली का तुला! थांबा जरा.

चिऊताईच्या गोष्टीत काय होतं?

तुम्हाला आठवणारी पहिली गोष्ट कोणती? शंभरातले बरेचजण काऊ-चिऊचीच सांगतील. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं. म्हणजे मराठी पोरांच्या कानावर पडणाऱ्या अगदी पहिल्या गोष्टीत शेण आहे. त्यावर कुणी आक्षेप घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या आजीची काऊ-चिऊ मात्र पुस्तकातल्यापेक्षा लांब होती. चिऊ शेवटी दार उघडते. कावळा आत येतो, रात्रभर कटाकटा चणे खातो. आणि सकाळी? आजी आवाज बारीक करून सांगायची, "समद्या घरात हगून ठिवलं, आन् भुर्रर!" आम्ही भावंडं त्या एका वाक्यासाठी अख्खी गोष्ट ऐकायचो. पुढं मला शाळेत बक्षीस म्हणून चित्रांचं पुस्तक मिळालं. त्यात कावळा घरात येऊन अंग शेकतो आणि 'थँक्यू चिऊताई' म्हणतो. मला वाटलं, पुस्तकाची शेवटची पानं कुणी फाडली की काय.

हे फक्त आजीपुरतं नाही. पंचतंत्र घ्या. विष्णुशर्म्यानं तीन राजपुत्रांना शहाणं करायला या गोष्टी सांगितल्या, अशी त्याची मांडणी आहे. त्यात तीक्ष्णविषाण नावाचा एक बैल आहे. त्याच्या मागून प्रलोभक नावाचा कोल्हा बायकोच्या आग्रहावरून वर्षानुवर्षं फिरतो. कशासाठी? बैलाचे लोंबणारे वृषण आज ना उद्या गळून पडतील आणि आपल्याला खायला मिळतील, या आशेवर. ते काही पडत नाहीत. दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवून आयुष्य घालवणाऱ्याची यापेक्षा नेमकी थट्टा दुसरी सापडणार नाही. पण लहानपणी तुमच्या हातात आलेल्या पंचतंत्रात हा बैल होता का? माझ्या नव्हता.

त्याच पंचतंत्रात सिंधुक नावाचा पक्षी आहे. त्याची विष्ठा जमिनीवर पडली की तिचं सोनं होतं. पारधी त्याला पकडून राजाला देतो. मंत्री म्हणतो, पक्ष्याच्या विष्ठेचं कधी सोनं होतं का, सोडून द्या. राजा सोडतो. पक्षी वेशीच्या कमानीवर जाऊन बसतो आणि तिथंच सोन्याची विष्ठा टाकून सगळ्यांना मूर्ख ठरवतो, स्वतःसकट. आपल्याला मात्र सोन्याचं अंडं देणारी कोंबडी पाठ असते, जी मुळात इसापाची. अंड्याचं सोनं झालं तर त्यावर विश्वास ठेवायला कुणाला जड जात नाही. विष्ठेचं सोनं होतं यावर मात्र मंत्र्याचा विश्वास बसत नाही, आणि ती गोष्टच त्याच्या अविश्वासावर उभी आहे. विष्ठा काढली की गोष्ट संपली.

आणि पोरांचं स्वतःचं साहित्य तर विचारूच नका. घोळक्यात कुणी पादलं हे ठरवायची मोजणी तुम्हीही लहानपणी म्हटली असणार. त्यात शेवटी दामाजीच्या घोड्यावर आळ येतो. ती मोजणी कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हती, कुठल्या बाईंनी शिकवली नव्हती. तरी ती गल्लोगल्ली पोचली. 'पादऱ्याला पावट्याचं निमित्त' ही म्हण मोठी माणसं आजही बिनधास्त वापरतात. म्हणजे भाषेला काही वावडं नाही. वावडं आहे ते छापील पुस्तकाला आणि ते विकत घेणाऱ्या आई-बाबांना.

मुलं नेमकी कशाला हसतात?

दोन-अडीच वर्षांच्या पोराचा विचार करा. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रोजेक्ट कोणता, तर शी-शू वेळेवर आणि जागेवर करणं. जमलं तर टाळ्या, नाही जमलं तर ओरडा. इतकं महत्त्वाचं काम, आणि चारचौघांत त्याचं नाव काढलं की मोठे 'शूऽऽ' करतात. मग त्या शब्दात केवढी ताकद आहे हे मुलाला कळणारच. म्हशीनं पो टाकला म्हटल्यावर ते हसतं, त्यात थोडी सुटका असते. इतकी मोठी म्हैस, तिला कुणी रागवत नाही, उभ्या-उभ्या भर रस्त्यात कार्यक्रम उरकते!

आमच्या अभ्यासक्रमात मिखाईल बाख्तिन नावाचा रशियन विचारवंत होता. त्याचं म्हणणं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, कळलं ते चंपीमुळं. जत्रेतलं, लोकांचं हसू हे नेहमी शरीराच्या खालच्या भागाशी जोडलेलं असतं, कारण तिथं राजा आणि रयत सारखेच असतात. पुढाऱ्याच्या इस्त्रीवर शेण पडतं तेव्हा मुलांना नेमकं हेच कळतं, बाख्तिन न वाचता.

जगभर हे ओळखून चांगली पुस्तकं झाली आहेत. १९८९ मध्ये जर्मनीत वेर्नर होल्त्सवार्थनं लिहिलेलं आणि वोल्फ एर्लब्रुखनं चित्रं काढलेलं एक पुस्तक आलं. जमिनीखाली राहणारा मोल नावाचा छोटासा प्राणी एके दिवशी डोकं वर काढतो, तर कुणीतरी नेमकी त्याच्या डोक्यावर शी करतं. मग तो गुन्हेगार शोधत कबूतर, घोडा, ससा, शेळी, गाय, डुक्कर यांच्याकडे जातो. प्रत्येकजण 'मी नव्हे' म्हणतो आणि पुरावा म्हणून तिथंच आपला नमुना दाखवतो! शेवटी साक्षीला माश्या येतात आणि गुन्हेगार कुत्रा सापडतो. यातल्या चित्रकाराला पुढं २००६ मध्ये हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला, म्हणजे बालसाहित्यातला सर्वांत मोठा मान. जपानमध्ये तर तारो गोमीनं १९७७ मध्येच 'सगळे शी करतात' एवढ्याच विषयावर चित्रपुस्तक केलं होतं.

त्या मोलच्या पुस्तकात फक्त फाजीलपणा नाही. ते पुस्तक संपतं तेव्हा मुलाला शेळीच्या लेंड्या, घोड्याची लीद आणि गाईचा पो यांतला फरक कळलेला असतो. आपल्याकडं तर या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे! लेंडी, लीद, पो, शीट. मग पुढचा प्रश्न मूलच विचारतं: शेळीची लेंडी कोरडी आणि म्हशीचं शेण पातळ, असं का? कारण शेळी आतड्यातच जास्त पाणी शोषून घेते, तिला कमी पाण्यात भागवायला येतं. 'गाई पादतात म्हणून पृथ्वी तापते' हा विनोद तुम्ही रीलवर ऐकला असेल. तो चुकीचा आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातला मिथेन बहुतेक सगळा तोंडावाटे, म्हणजे ढेकरेतून बाहेर पडतो. हे वाक्य पाचवीच्या वर्गात सांगून बघा. आधी हशा येईल, आणि तो ओसरल्यावर धड्यातलं पर्यावरण पोरांना कायमचं लक्षात राहील.

पण सगळंच चालेल असं नाही

आता दुसरी बाजू. त्या काकींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यांच्या काळजीला कारण आहे. नुसता आवाज काढला की मुलं हसतात, म्हणून नुसते आवाजच काढणाऱ्या गोष्टी खूप निघतात. मोबाइलवर तर रतीब आहे. पानोपानी पाद आणि गोष्ट शून्य. याला मी विनोद म्हणणार नाही, ही गुदगुली आहे. गुदगुल्यांनी माणूस हसतो, पण त्याला मजा येतेच असं नाही.

दुसरी भीती जास्त खरी आहे, आणि ती मला स्वतःवरून माहीत आहे. मी सातवीत असताना आमच्या वर्गात बाहेरगावाहून एक मुलगी यायची. पहाटे उठून घरच्या म्हशींचं शेण काढून, मग एसटी पकडून. तिच्या दप्तराला गोठ्याचा वास यायचा. वर्गानं तिचं नाव 'शेणी' ठेवलं. मी ठेवलं नव्हतं. पण हाक मारली की मीही हसायचे, सगळे हसायचे म्हणून. सहामाहीनंतर ती यायची बंद झाली. का, ते मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या रविवारी तो पोरगा सतरंजीचा धागा उसवत होता, तेव्हा मला दहा वर्षांनी तिचा चेहरा आठवला. नाव आठवायला मात्र रात्र गेली. कारण नावानं तिला आम्ही हाक मारलीच नव्हती.

म्हणजे शेणावरचा विनोद क्रूर होऊ शकतो, हे मान्यच. आपल्या समाजात तर जास्तच. कुणी घाण करायची आणि कुणी ती उचलायची हे आपण जन्मावरून ठरवत आलो. त्यामुळं घाणीवर हसताना ती उचलणाऱ्यावर हसणं फार सोपं जातं. जाड्या मुलाच्या पोटावर, काळ्या मुलीच्या रंगावर, अंथरूण ओलं करणाऱ्या पोरावर हसवणाऱ्या गोष्टी मला नकोच आहेत.

मग रेघ कुठं मारायची? मला एक साधा प्रश्न उपयोगी पडला. गोष्ट संपल्यावर हसू कुणाच्या अंगावर राहतं? सगळ्यांना असणाऱ्या शरीरावर, की एखाद्यालाच असणाऱ्या शरीरावर? पुढाऱ्यावर, की शेण काढणाऱ्या बाईवर? पहिलं असेल तर खुशाल सांगा. दुसरं असेल तर त्यात शेण नसलं तरी ती गोष्ट घाणच.

आणि हो, शब्द गाळल्यानं हा प्रश्न सुटत नाही. आम्ही सातवीत होतो तेव्हा आमच्या कुठल्याच पुस्तकात शेण नव्हतं. गोष्टीतल्या गाई स्वच्छ, पांढऱ्या, कपाळावर कुंकू. एखाद्या गोष्टीत तिच्यासारखी मुलगी असती, गोठा झाडता झाडता म्हशीशी बोलणारी, शेणावरून पाय घसरून पडणारी आणि स्वतःच हसणारी, तर? वर्ग सुधारला असता असा दावा मी करत नाही. पण आमच्याजवळ तिच्यावर हसण्याऐवजी तिच्याबरोबर हसण्याची एक तरी आठवण असती.

आणि आपण कोल्हापूरकर!

खरं तर आपल्याला हे सांगायला लागू नये. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. गुळाचे रवे भरलेल्या बैलगाड्या या रस्त्यांवरून जायच्या. ते बैल काय अत्तर शिंपडत जायचे का? आजही संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. समोर धार काढतात, फेसाळ दूध ग्लासात येतं, आपण मिशा पांढऱ्या करून पितो. शेजारीच पो पडलेला असतो. कुणी नाक दाबत नाही. दिवाळीत आपल्याच म्हशींची शिंगं रंगतात, सजवून त्यांना पळवतात, आपण शिट्ट्या मारतो. गावाकडं दारात शेणाच्या गवळणी होतात.

साहित्यातही मोठ्यांना सगळी मुभा आहे. कागलचे आनंद यादव 'गोतावळा' लिहितात, १९७१ मध्ये. त्यातला नारबा जनावरांच्या शेणामुतात वावरतो, त्यांच्यावर जीव लावतो, आणि ट्रॅक्टर आल्यावर त्याचा गोतावळा तुटतो. आपण ते महत्त्वाची कादंबरी म्हणून अभ्यासतो. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील गावरान विनोद सांगतात, आपण पोट धरून हसतो. गाडगेबाबा तर हातात खराटा घेऊन गावची घाण काढायचे आणि रात्री कीर्तनात त्याच घाणीबद्दल लोकांना थेट प्रश्न विचारायचे. मोठ्यांना चालतं ते पोरांना का चालत नाही?

अजून एक. पंचगंगेच्या स्मशानात शेणी वापरतात. होळी लहान करून शेणी दान करायची पद्धत आता आपल्याकडं चांगली रुळली आहे. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांचा शेवटचा प्रवास शेवटी म्हशीच्या शेणावरूनच होणार. जी वस्तू आपल्याला पंचगंगेवर चालते, ती पोराच्या गोष्टीत चालत नाही?

तुम्हाला एवढंच सांगायचंय. आपण विशीतले आहोत. आपल्यातले काहीजण पुढं शिक्षक होतील, काहीजण लिहितील, रील करतील, आणि बरेचजण दिवाळीत चुलतभावंडांना गोष्टी सांगणार आहेतच. तेव्हा घरी आजी असेल तर तिला काऊ-चिऊची गोष्ट शेवटपर्यंत सांगायला लावा. 'शेवटपर्यंत' हा शब्द वापरा. ती आधी लाजेल, "जा गं, काय तरीच," म्हणेल. मग सांगेल. लिहून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा. छापील पुस्तकात ती मिळणार नाही.

त्या काकींना मी अजून काही बोललेले नाही. पण येत्या रविवारी पुन्हा माझी पाळी आहे आणि मी उपक्रमवाल्यांना सांगून ठेवलंय की गोष्ट चंपीचीच असेल आणि शेणाला शेणच म्हणेन. काकी हव्या असतील तर मागं बसून ऐकू देत, नंतर रागवू देत. मात्र या वेळी गोष्ट सुरू करण्याआधी त्या पोराला पुढं बोलवणार आहे. म्हशीनं शेपटी कशी वर केली की समजायचं आणि बाजूला व्हायचं, हे त्याला पक्कं माहीत असणार. पुढाऱ्याला ते माहीत नव्हतं, म्हणून तर गोष्ट घडली. तेवढं त्यानं सगळ्यांना शिकवावं, अशी त्याला विनंती करणार आहे. तो येईल अशी आशा आहे.